आपल्यातलं बोलणं

पत्राचा गोषवारा

चाळिशी ओलांडलेल्या, नोकरी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. कॉलेजपासूनच्या सहा जणांचा त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सिनेमा हा त्या ग्रुपचा जीव. कुणी काही पाहिलं की त्याच रात्री लिहायचं, मग बाकीच्यांनी तुटून पडायचं, अशी वर्षानुवर्षांची सवय. महिन्यापूर्वी एका नव्या चित्रपटावर बोलणं चाललं असताना एका मैत्रिणीने लिहिलं, ‘असले सिनेमे बंदच करायला हवेत, लोक भडकतात.’ तिथून गाडी राजकारणावर गेली आणि पुढे सरकारने लोकांचे फोन-मेसेज तपासावेत का, यावर. त्याच मैत्रिणीने लिहिलं, ‘ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याने कशाला घाबरायचं?’ पत्रलेखिकेने रात्री उशिरापर्यंत एकामागून एक लांब मेसेज पाठवले. शेवटचा होता, ‘तुझ्यासारख्या लोकांमुळेच ही वेळ आली आहे.’ मैत्रिणीने उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी ती ग्रुपमधून बाहेर पडली. ॲडमिन असलेल्या मित्राने जाहीर केलं, ‘यापुढे इथे राजकारण नको, उगाच केस व्हायची.’ तेव्हापासून ग्रुपवर फक्त वाढदिवस आणि सुप्रभात. पत्राच्या मध्यावर एक वाक्य आहे: “तिच्या मेसेजचा स्क्रीनशॉट मी ऑफिसातल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला होता, शिकलेली माणसंही कसा विचार करतात ते दाखवायला. तो फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला असावा.” आणि शेवटी प्रश्न: “जिला स्वातंत्र्याची किंमत नाही तिच्याशी मैत्री ठेवावी का? की मीच गप्प बसायला शिकावं?”

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमचे दोन्ही प्रश्न मैत्रिणीच्या मताभोवती फिरतात. ती बंदीच्या बाजूची, तुम्ही स्वातंत्र्याच्या बाजूच्या, मग मैत्री कशी टिकणार, असा तुमचा हिशोब दिसतो. मला मात्र ते स्क्रीनशॉटचं वाक्य पुढे जाऊ देईना. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. माझ्या मते खरी गोष्ट तिथे घडली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

घटनांचा क्रम पुन्हा लावून पाहा. वाद रात्री झाला. त्या रात्री मैत्रीण ग्रुप सोडून गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. तुम्ही धरून चालला आहात की ती निरुत्तर झाली, रागावली आणि निघून गेली. असेलही. पण कॉलेजपासूनची मैत्रीण आहे ती. तुमचं तावातावाने बोलणं तिने याआधी कितीदा तरी ऐकलं असेल. यापूर्वी कधी झालं नव्हतं ते एवढंच, की तिने आपल्या माणसांत लिहिलेलं एक वाक्य तिच्या नावासकट परक्यांच्या हातात गेलं. त्यांनी ते वाचलं, त्यावर शेरे मारले, पुढे पाठवलं. ती त्या बायकांना ओळखत नाही. त्या मात्र आता तिला ‘तसल्या विचारांची’ म्हणून ओळखतात.

सहज म्हटलेलं मत म्हणजे नेमकं काय असतं, याचा आपण फारसा विचार करत नाही. सिनेमा संपतो, दिवे लागतात आणि बाहेर पडता पडता आपण काहीतरी बोलून टाकतो. ‘डोक्याला ताप.’ ‘असल्यांना पैसे कोण देतं?’ ‘यावर बंदीच हवी.’ त्या वाक्यात विचार थोडा आणि अंगावर आलेला अनुभव जास्त असतो. पडद्यावरची मारहाण पाहताना एखादीला स्वतःचं काही जुनं आठवलेलं असतं, एखाद्याला थिएटरातल्या आरोळ्यांची भीती वाटलेली असते. शेजारी मैत्रीण असेल तर ती विचारते, ‘बंदी? अगं, काय झालं तुला?’ मग कुठे खरं बोलणं सुरू होतं. आपली निम्मी मतं अशीच तयार होतात. आधी तोंडातून निघतात, मग आपल्याच कानांना ऐकू येतात, मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून आपण ती थोडी मागे घेतो, थोडी बदलतो. हे करायला एक जागा लागते, जिथे चुकलेलं वाक्य आपल्या नावावर कायमचं चिकटत नाही. त्या जागेला आपल्या भाषेत फार चांगला शब्द आहे: ‘आपल्यात’. ‘आपल्यातच राहू दे हं’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या गोष्टीत गुपित असतंच असं नाही. ती गोष्ट अजून शिजायची असते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीने निवडणुकीच्या दिवसांत माझ्याजवळ मन मोकळं केलं होतं. तिची मतं मला पटली नव्हती. मी तिचं नाव न घेता तिचं बोलणं एका लेखात वापरलं, खोडून काढण्यासाठी. तिने ते ओळखलं. फोनवर ती एवढंच म्हणाली, “मला वाटलं, मी तुझ्याशी बोलतेय.” त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. लेखातला माझा मुद्दा आजही मला बरोबर वाटतो, आणि तरीही मी तिचा विश्वास मोडला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे स्वीकारायला मला दोन वर्षं लागली. तुमची तेवढी वर्षं जाऊ नयेत, म्हणून इतकं लिहिते आहे.

आता ‘लपवण्यासारखं काही नाही’ या वाक्याकडे येऊ. तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते वाक्य कच्चं आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधार योजनेच्या विरोधात २०१२ मध्ये केलेल्या याचिकेतून हा प्रश्न उभा राहिला होता. लपवायला काही असो वा नसो, माणसाला आपलं आयुष्य कुणापुढे किती उघडायचं हे ठरवता आलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. संयुक्त राष्ट्रांच्या १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही दोन कलमं आहेत: १२ वं खासगी आयुष्याबद्दल, १९ वं मत बाळगण्याच्या आणि मांडण्याच्या स्वातंत्र्याबद्दल. ही दोन्ही एकाच कागदावर असणं मला फार अर्थपूर्ण वाटतं. जिथे चार भिंती नाहीत तिथे माणूस मत मांडत नाही, तो फक्त चालेल असं बोलतो.

आणि हे तुम्ही त्या रात्री तळमळीने लिहीत होतात, तेव्हाच तुमच्या हातून तिच्या चार भिंती पडल्या. मैत्रिणी, हे वाचताना टोचेल. मला तुम्हाला दोषी ठरवायचं नाही. आपण सगळेच सरकारच्या किंवा कंपन्यांच्या संदर्भात खासगीपणाबद्दल बोलतो आणि आपल्या अंगठ्याखालचं ‘फॉरवर्ड’ विसरतो. पण एक जपा. ‘बघ, आता कळलं ना लपवण्यासारखं काय असतं?’ हे वाक्य तिच्यासमोर चुकूनही काढू नका. मुद्दा म्हणून ते बिनतोड आहे. माणूस म्हणून ते क्रूर आहे.

दुसरं गृहीतक तपासू या. तुम्ही तिला ‘जिला स्वातंत्र्याची किंमत नाही’ असं म्हणता. तिने काय म्हटलं होतं? सिनेमा पाहून लोक भडकतात, म्हणून तो थांबवावा. हा विचार तिच्या डोक्यातून नव्याने निघालेला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली ठरवलं होतं की चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तीचं संरक्षण लागू नाही, आणि वाईट कामासाठी त्याचा वापर होऊ शकतो. हे मत बदलायला त्या न्यायालयाला १९५२ साल उजाडावं लागलं, म्हणजे ३७ वर्षं. आपल्याकडे ख्वाजा अहमद अब्बास यांनी शहरांतल्या श्रीमंती-गरिबीवर एक छोटा माहितीपट केला. सेन्सॉरने त्यातल्या दृश्यांवर हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७० च्या त्या निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने प्रदर्शनापूर्वीची तपासणी वैध ठरवली. कारण काय दिलं? चलचित्र इतर कलांपेक्षा माणसाच्या भावना जास्त हलवतं. म्हणजे, ‘लोक भडकतात’.

आणि याच न्यायालयाने १९८९ मध्ये, एका तमिळ चित्रपटावरून झालेल्या एस. रंगराजन खटल्यात दुसरी बाजू तितक्याच ठामपणे मांडली. धोका दूरचा, कल्पनेतला असून चालणार नाही. दारूगोळ्याच्या कोठारात ठिणगी पडावी इतका थेट संबंध हवा. मोर्चे निघतील, दंगा होईल अशा धमक्यांपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, उलट तिचं रक्षण करणं हे राज्याचं काम आहे. मला स्वतःला हा १९८९ चा निकाल पटतो, मनापासून पटतो. पण १९७० चा निकाल देणारी माणसं स्वातंत्र्याची शत्रू होती असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. ज्या प्रश्नावर न्यायमूर्तींना दशकानुदशकं घोळ घालावा लागला, त्यावर तुमच्या मैत्रिणीने रात्री साडेदहाला, दमून आल्यावर, एका ओळीत उत्तर दिलं. त्या एका ओळीवरून तुम्ही तिचं सगळं माणूसपण मोजता आहात.

तिचं मत तुम्ही खोडून काढू नये, असं मी म्हणत नाही. जरूर काढा. मत आणि माणूस यांत फरक करा, हा सल्लाही मी देणार नाही, कारण तो बोलायला सोपा आणि जगायला कठीण आहे. मतं माणसालाच चिकटलेली असतात. मी तीन शब्द देते, ते जास्त उपयोगी पडतील. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीने, एका मोठ्या नेत्याच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक केलं. दोघींना अटक झाली. सहज म्हटलेल्या मताची एवढी किंमत. त्यावर कायद्याच्या एका विद्यार्थिनीने, श्रेया सिंघल यांनी, सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिणं गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. त्या निकालात बोलण्याचे तीन प्रकार वेगळे केले आहेत: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या गोष्टीची चर्चा करणं, इतकंच नव्हे तर ती कितीही अप्रिय असली तरी तिचा पुरस्कार करणं, हा अभिव्यक्तीचा गाभा आहे. बोलणं चिथावणीपर्यंत पोचलं तरच राज्याला हात घालता येतो.

हा नियम राज्यासाठी आहे, मैत्रीसाठी नाही. मैत्रीत आपण यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवतोच. तरी एकदा तो ग्रुप उघडून त्या रात्रीचे मेसेज या तीन शब्दांनी वाचा. तुमच्या मैत्रिणीने केली ती चर्चा, फार तर पुरस्कार. तुमचे पहिले सात-आठ मेसेजही चर्चाच असतील, आणि चांगली असेल. शेवटचा, ‘तुझ्यासारख्या लोकांमुळे’, या तिन्हींत बसत नाही. त्यात बंदीबद्दल काही नाही, पाळतीबद्दल काही नाही. त्यात फक्त ती आहे, आणि तिलाही तुम्ही ‘लोक’ करून टाकलंत.

लेखी भांडणाची आणखी एक अडचण आहे. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ईमेलवर प्रयोग केले. लिहिणाऱ्यांना खात्री होती की आपली चेष्टा आणि आपलं गांभीर्य समोरच्याला कळेल. वाचणाऱ्यांना ते ओळखणं नाणेफेकीपेक्षा थोडंसंच जास्त जमलं. आवाज ऐकवला तेव्हा मात्र पुष्कळ चांगलं जमलं. तुमच्या मैत्रिणीचं ‘कशाला घाबरायचं?’ हे ठासून म्हटलेलं होतं, की तुम्हाला डिवचायला, की खरोखरचा प्रश्न होता? तुम्ही पत्रात ते ठासून म्हटल्यासारखं लिहिलं आहे. तुम्हाला कसं कळलं?

आता तुमच्या ॲडमिन मित्राबद्दल थोडं, कारण अशा नियमांबद्दल मला बरीच पत्रं येतात. त्याची भीती अगदीच निराधार नाही. पालघरचं उदाहरण वर दिलंच आहे. पण मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसत नसेल, तर ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. हे त्याला सांगा, त्याचा जीव भांड्यात पडेल. म्हणजे ग्रुपवर काहीही चालतं असं नाही. द्वेष पसरवणारा, कुणाच्या जिवावर उठणारा मजकूर लिहिणारा त्याला स्वतः जबाबदार असतो. पण सिनेमावर बंदी असावी की नसावी, हे सहा मित्रांनी बोलण्यात कायद्याला घाबरण्यासारखं काही नाही.

‘राजकारण नको’ या नियमाने मात्र एक नुकसान होतं, ते त्याला दिसत नाही. तुमच्या पत्रात सहा जण आहेत आणि बोलणारे फक्त तिघे: तुम्ही, ती आणि ॲडमिन. उरलेले तिघं त्या रात्री काय करत होते? वाचत होते. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. तीन रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे ते सांगायचं, इतकंच. खोलीतले एक सोडून सगळे आधी ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. त्या एकट्या माणसाला डोळ्यांसमोर बरोबर उत्तर दिसत असूनही साधारण तीनपैकी एका वेळी तो बाकीच्यांसारखं चुकीचं बोलायचा. पण खोलीत आणखी एक जण जरी बरोबर बोलला, तरी हा दबाव खूप उतरायचा. हा प्रयोग बहुतेक जण ‘माणूस कळपाचा असतो’ हे सांगायला वापरतात. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. एका माणसाच्या सोबतीने केवढा फरक पडतो! त्या रात्री तुमच्या गप्प मित्रांपैकी एकाने ‘मला दोघींचंही थोडं पटतंय, पण आवाज खाली करू या’ असं लिहिलं असतं, तर कदाचित तुमचं हे पत्र मला आलं नसतं. हे पत्र वाचणाऱ्यांत असे गप्प मित्र बरेच असतील. मधे पडणं म्हणजे बाजू घेणं नव्हे. दोघांना परत येण्यासाठी दार उघडं ठेवण्याचं काम त्या वेळी फक्त अशा गप्प मित्रांनाच करता येतं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला, गप्प बसायला शिकावं का, माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. तुमची तळमळ मोलाची आहे. सगळ्या मित्रमंडळींनी फक्त वाढदिवस साजरे करायचे ठरवलं, तर लोकांनी राज्य, कायदा, हक्क यांबद्दल बोलायचं कुठे? टीव्हीवरच्या आरडाओरड्यात? ज्याची मतं मला पटत नाहीत पण ज्याच्या घरची दुखणीखुपणी मला ठाऊक आहेत, अशा माणसाशीच हे बोलणं नीट होऊ शकतं.

आपल्याकडे टिळक-आगरकरांचं उदाहरण नेहमी दिलं जातं आणि बहुतेक वेळा गोड करून दिलं जातं. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात, दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. एका कोठडीत रात्र रात्र त्यांच्या चर्चा चालत. पुढे आधी समाजसुधारणा की आधी राजकीय हक्क, यावरून ते फुटले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि मग दोन पत्रांतून एकमेकांवर जे घाव झाले, ते मैत्रीतले लुटुपुटुचे नव्हते. १८९५ मध्ये आगरकर गेले तोवर कडवटपणा बराच साठला होता. तेव्हा ‘मतभेद असूनही मैत्री अबाधित राहिली’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला त्यांच्याकडून एक वेगळी गोष्ट दिसते. त्यांनी जाहीर भांडायचं ठरवलं तेव्हा आपापल्या पत्रांतून उघड भांडले, दोघांच्या हाती लेखणी होती, आणि एकाच्या लेखाला दुसरा उत्तर देऊ शकत होता. तुमच्या मैत्रिणीला ऑफिसच्या त्या ग्रुपवर उत्तर देता येत नव्हतं. ती तिथे नव्हतीच.

मैत्री ठेवावी का, हा तुमचा पहिला प्रश्न. मी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही. पण कशावरून ठरवावं ते सांगते. तिच्या मतांची यादी करू नका. आठवून पाहा की तिने कुणाशी कसं वागलं आहे. सत्तेच्या बाजूने बोलणारी पण शेजारच्या अडलेल्या माणसाला हात देणारी माणसं असतात. हक्कांवर भाषणं देणारी आणि घरात कुणाला तोंड उघडू न देणारीही असतात. तिने कधी तुम्हाला बोलण्यापासून अडवलं आहे का? तुमचं काही बाहेर फोडलं आहे का? नसेल, तर या एका कसोटीवर या घडीला ती तुमच्या पुढे आहे.

एक अपवाद मात्र मी ठामपणे मांडते, कारण वाचणाऱ्यांपैकी काहींची परिस्थिती तुमच्यापेक्षा वेगळी असेल. ग्रुपमधलं ‘सहज मत’ जेव्हा ग्रुपमधल्याच कुणाच्या जातीवर, धर्मावर, बाईपणावर, कुणावर प्रेम करावं यावर येतं, तेव्हा ते सगळ्यांसाठी सारखं सहज राहत नाही. पाच जणांसाठी ती गप्पा असते, सहाव्यासाठी ते त्याचं आयुष्य असतं. तिथे ‘मतभेदांचा आदर करा’ असं सहाव्याला सांगणं अन्याय आहे. त्याने एकदा स्पष्ट सांगावं की हे मला लागतं. तरीही चालूच राहिलं, तर त्याने निघून जावं आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. बोलण्याचं स्वातंत्र्य जसं आहे, तसं ऐकत न बसण्याचंही आहे. आणि उरलेल्यांनी तो का गेला हे एकमेकांना विचारावं, नुसतं ‘हळवा आहे’ म्हणून सोडून देऊ नये. तुमच्या पत्रात मला असं काही दिसलं नाही. असलं, आणि तुम्ही लिहिलं नसलं, तर माझा वरचा बराचसा सल्ला बाजूला ठेवा.

आता काय करायचं ते.

तिला फोन करा, मेसेज नको. तिने उचलला नाही तर आठवडाभर थांबून पुन्हा करा. तिसऱ्यांदा मात्र एक छोटं पत्र लिहा, हाताने लिहिलंत तर उत्तम. बोलणं फक्त स्क्रीनशॉटबद्दल. ‘तू आपल्यात लिहिलेलं मी बाहेर दाखवलं. तो माझा अधिकार नव्हता. मला माफ कर.’ इथे थांबा. ‘पण तूही’ नको, ‘माझा हेतू तसा नव्हता’ नको, ‘मी फार तणावात होते’ नको. सिनेमा, सरकार, पाळत यांतलं काहीही त्या फोनवर काढू नका, तिने काढलं तरी म्हणा, ‘ते आपण भेटून बोलू, आज मी एवढ्यासाठीच फोन केला.’ ‘तुझ्यासारख्या लोकांमुळे’ या वाक्याबद्दलही माफी मागा, पण तुमचे बाकीचे मुद्दे मागे घेऊ नका. ते तुम्हाला अजून पटत असतील तर ते मागे घेणं खोटं होईल आणि तिला ते लगेच कळेल.

तिने माफ केलं नाही तर? तर तो तिचा हक्क आहे, आणि तुमची माफी तरीही योग्यच होती. दरवेळी धागा जुळत नाही. माझ्या मैत्रिणीशी माझा जुळला, पण गाठ राहिली. ती आजही काही सांगण्याआधी क्षणभर थांबते, मला ते दिसतं.

ग्रुपवर ‘राजकारण नको’च्या जागी दुसरा एकच नियम सुचवा: इथलं इथेच राहील. ज्याला बाहेर काही दाखवायचं असेल त्याने लिहिणाऱ्याला आधी विचारायचं. हा नियम तुम्ही स्वतः मांडा, आणि का मांडता आहात तेही सांगा. मैत्रिणीचं नाव घेऊन नव्हे, ‘माझ्याकडून हे झालं’ इतकंच. मग बघा, ते गप्प तिघं बोलायला लागतात का.

आणि वाद पुन्हा होतील, व्हावेतच. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. रोझेनब्लिट आणि कील या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं की झिप किंवा कुलूप कसं चालतं हे आपल्याला कळतं असं लोकांना छातीठोक वाटतं. पायरी-पायरीने समजावून सांगा म्हटलं की ती खात्री उतरते. पुढे २०१३ मध्ये फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी हेच सरकारी धोरणांबद्दल करून पाहिलं. ‘तुम्हाला हे का पटतं?’ विचारलं तर लोक आपल्या बाजूला घट्ट राहिले. ‘हे प्रत्यक्षात कसं चालेल?’ विचारलं तर त्यांची टोकं थोडी बोथट झाली. तेव्हा मैत्रीण पुन्हा ‘बंदी हवी’ म्हणाली तर ‘का’ विचारू नका. विचारा, ‘बरं, कोण ठरवेल? पाहून ठरवेल की ऐकून? निर्मात्याला दाद कुठे मागता येईल? उद्या तुझ्या आवडीच्या सिनेमावर कुणी तक्रार केली तर?’ आणि तिलाही तुम्हाला विचारू द्या: ‘बंदी नको म्हणतेस, मग खरोखर दगडफेक झाली तर पोलिसांनी नेमकं काय करायचं?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे का? माझ्याकडे एका दमात सांगता येईल असं नाही. रंगराजन निकाल वाचूनही नाही. दोघींनी मिळून ते शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ जाईल, आणि ती चांगली जाईल.

जमलं तर तो वादाचा सिनेमाच दोघींनी एकत्र पुन्हा पाहा. ती कुठल्या दृश्याला अस्वस्थ होते तेवढं लक्षात ठेवा, आणि बाहेर आल्यावर त्याबद्दल विचारा. बंदीबद्दल नंतर.

फोन करण्याआधी मात्र एक काम उरतं. ऑफिसच्या त्या ग्रुपवर जाऊन तो स्क्रीनशॉट काढून टाका. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ची मुदत संपली असेल, तर प्रत्येकीला आपापल्या फोनमधून काढायची विनंती करा, आणि ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांना तो कुठे कुठे गेला ते विचारा. हे आज रात्रीच करा. तिने फोनवर ‘अजून आहे का तो तिथे?’ असं विचारलं, तर तुम्हाला खरं उत्तर देता यायला हवं.